आईसाठी लावलेलं तिसरं चाक

आमच्या आईला गाडी लागते. ज्यांना लागत नाही ते लोक हे ऐकून हसतात आणि लिंबू हुंगायला सांगतात. लिंबू हुंगवून झालं, आल्याचा तुकडा दाढेखाली धरून झाला, बुडाखाली वर्तमानपत्र अंथरून झालं, गोळ्या झाल्या. एसटी असो, जीप असो, माझ्या दादाची पांढरी गाडी असो, दारं बंद झाली की दोन गावं ओलांडायच्या आत आई पिशवी मागते. मग कपाळ खिडकीला टेकवून म्हणते, "मला हितंच उतरीव. म्या चालत जाती."

चालत जाते हे तिचं खरंच होतं. आम्ही माण तालुक्यातले मेंढपाळ. दिवाळी झाली की आईबापाने मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या काळ्या रानात उतरायचं, कुणाच्या वावरात मेंढरं बसवायची, लेंडीखत त्याला आणि धान्य आम्हाला, आणि उन्हाळ्यात परत फिरायचं. संसार घोड्याच्या पाठीवर असायचा. मी पण शाळेच्या वसतिगृहात जाईपर्यंत त्याच घोड्यावर, हंडे आणि कोंबड्यांच्या मधे बसून फिरले. आई मात्र कधी घोड्यावर बसली नाही. साठ वर्षं ती पायांनी चालली, आणि सात वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात दोन्ही गुडघ्यांनी संप केला. हृदय अशक्त असल्यामुळे डॉक्टर ऑपरेशनला नको म्हणाले. वडील त्याआधीच गेले होते. मेंढरं विकली, दादाने डाळिंब लावलं आणि आई ओट्यावर बसली ती बसलीच.

तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, जत तालुक्यात दिलेली, पार कर्नाटकाच्या शिवेवर. ती अजून मेंढरांमागे चालते. दोघींची भेट व्हायची ती कृष्णाकाठी, दोन्हीकडची मेंढरं एका शिवारात आली की. आईचं चालणं थांबलं आणि भेट थांबली. मावशीने यावं म्हणाल तर तिलाही गाडी लागते. दोघी बहिणींना एकच रोग. सात वर्षं दोघी फोनवर ओरडत होत्या. मधलं अंतर आवाजानेच भरून काढायचं असल्यासारख्या.

गेल्या हिवाळ्यात मावशीने फोनवर सांगितलं की हे शेवटचं वर्ष. मुलं आता मेंढरांमागे यायला तयार नाहीत, उन्हाळ्यानंतर विकायची. आईने फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला एकदा तिच्या मेंढरांत जायाचं हाय. विकायच्या आदी."

दादाने लगेच कृष्णाकाठी जायला गाडी काढली. मायणीपर्यंत पोचले. तिथे आई रस्त्याकडेच्या दगडावर बसली, रिकामं पोट उलटून उलटून तिचे डोळे पांढरे झाले, आणि दादाला परत फिरावं लागलं. घरी आल्यावर तो म्हणाला, झालं, आता हा विषय बंद. विषय बंद करायची आमच्या दादाला फार हौस. माझ्या लग्नाचाही विषय त्याने असाच तीनदा बंद केला आहे.

मी शिरवळला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुटे भाग मोजायचे, केसाएवढा फरक सापडला तरी बाजूला काढायचे, हे माझं सोळा वर्षांचं काम. माझ्याकडे एक दणकट, लांब पल्ल्याची मोटारसायकल आहे. तिच्यावर मी एकटीने गोकर्ण केलंय, स्पिती केलंय. या गाडीवर आईला मागे बसवायचा विचार कितीदा केला. हवा उघडी, वास नाही, तिला ती लागली नसती. पण गुडघे असे की पाय टाकून बसता येत नाही, आणि एका बाजूला बसून दीडदोन तास तोल धरणं तिला जमणारं नव्हतं. मायणीहून ती परत आली त्या रविवारी मी अंगणात गाडी पुसत होते, आणि गाडीच्या डाव्या अंगाची मोकळी जागा माझ्या डोळ्यात भरली. तिथे एक चाक आणि एक बसायची जागा लावली की झालं. साइडकार!

माझ्या कारखान्यातल्या एका साहेबांनी सांगितलं की असल्या वस्तू आता फक्त जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे असतात. दुसऱ्याने सांगितलं की बाईमाणसाला झेपणार नाही. पहिल्याचं मी ऐकून घेतलं. दुसऱ्याला मी विचारलं की तुम्ही शेवटचा घाट कधी चालवला, तर ते कॅन्टीनमध्ये चहा आणायला गेले.

रहिमतपूरला एक कारागीर आहेत. उसाच्या ट्रॉल्या बनवतात. साठीचे, कमी बोलणारे, आणि आपल्या कामाचा भयंकर अभिमान. त्यांचं म्हणणं असं की त्यांची ट्रॉली रिकामी ढकलून दिली तरी ती आपोआप सरळ जाईल. हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं वाटतं. मी फोनवरची चित्रं दाखवली. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "कुनाला बसवायचं?"

"आईला."

"मग करू," ते म्हणाले. "हौसंखातर असतं तर न्हाई म्हनलो असतो."

आईचं माप घेण्यात मी काही कमी केलं नाही. मी घरी जाऊन तिला भिंतीला टेकून, पाय लांब सोडून बसवलं आणि दोरीने सगळं मोजून आणलं. कारागिरांनी चौकोनी पाइपाचा सांगाडा केला, त्यावर पत्र्याची बैठक, खाली स्कूटरचं चाक, धक्के खायला स्प्रिंग. मूळ गाडीला त्यांनी कुठेही वेल्डिंग लावलं नाही. चार ठिकाणी कवळ्या, म्हणजे पाइपाला कवळणारे लोखंडी पट्टे, आवळून जोडणी केली, म्हणजे वाटलं तर उतरवता येईल. आणि आईला आत शिरता कसं येणार, हा प्रश्न मी विचारायच्या आधी त्यांनी सोडवला होता. ट्रॉलीला मागे पाडायचा फाळका असतो, तसा त्यांनी बाजूला केला. फाळका पाडायचा, आईने त्याच्यावर आधी बसायचं, मग पाय आत ओढायचे. सारी दुनिया साइडकारमध्ये वरून पाय टाकून उतरते. आमच्याकडे फाळका आहे.

मग सुरू झाला आमचा मूर्खपणा. त्यात आम्ही दोघंही सारखेच वाटेकरी.

कारागिरांनी दोरी बांधली. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक आणि साइडकारच्या चाकाला समांतर दुसरी. ओळंबा सोडून मोटारसायकल अगदी सरळ उभी केली. मी माझं मोजायचं सामान घेऊन खाली पडले. पुढून अंतर, मागून अंतर, फरक शून्य. ते म्हणाले, बघा. मी म्हटलं, बघा. आम्ही एकमेकांना शाबासकी दिली, आत आईच्या वजनाची वाळूची पोती टाकली, आणि मी गाडी रस्त्यावर काढली.

गाडी डावीकडे ओढायला लागली. हँडल उजवीकडे धरून धरून पाचव्या मिनिटाला माझे खांदे भरून आले. दहाव्या मिनिटाला मी एका उसाच्या फडात होते. लागलं काही नाही, पण फडाचा मालक बांधावरून म्हणाला, "मॅडम, साखर कारखान्याचा रस्ता तिकडनं हाय." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आम्ही पुन्हा दोरी बांधली. पुन्हा शून्य. पुन्हा डावीकडे. पुढच्या रविवारी कारागिरांनी कवळ्या बदलल्या, मी दुसरं जास्त बारीक मोजणारं सामान आणलं, फरक आणखी शून्य केला. गाडी तितकीच ओढत होती. आम्हा दोघांची सारी हयात सरळपणा तपासण्यात गेलेली. वाकडं आहे म्हणून ओढत असेल, एवढंच आमच्या डोक्यात येत होतं. तीन रविवार गेले. इकडे ऊसतोड संपत आली होती, वावरं मोकळी होत होती आणि मावशीची मेंढरं कुठल्याही आठवड्यात परतीला लागली असती. मला खरोखर भीती वाटायला लागली. आपण आईला शब्द दिला आणि आपल्याच्याने होत नाही, ही भीती.

तिसऱ्या रविवारी मी ट्रॉलीच्या दांडीवर बसून आईला फोन लावला आणि चिडून सगळं सांगितलं. सरळ बांधली तरी डावीकडे जाते, आता काय कपाळ फोडू?

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वझं कुन्या अंगाला हाय?"

"डाव्या."

"आन गाडी सरळ हुबी केलीया?"

"अगदी सरळ. शून्य."

"अगं येडे," आई म्हणाली, "एका अंगाला वझं आसंल तर घोड्यावरचं खोगीर सरळ बांधत्यात व्हय? आदीच पल्याडच्या अंगाला जरा कलतं बांधायचं. चालाया लागलं की बसतं बराबर. सरळ बांधलंस तर कोसभरात पोटाखाली येनार. तू त्याच घोड्यावर बसत व्हतीस की गं."

फोन स्पीकरवर होता. कारागीर हातातली पकड तशीच धरून ऐकत होते. ते पुढे झाले आणि फोनला म्हणाले, "काकी, किती कलतं?"

"त्ये हाताला कळतं. थोडं बांदायचं, चालवून बगायचं."

त्यांनी वरच्या दोन कवळ्या सैल केल्या आणि मोटारसायकल उजवीकडे, साइडकारच्या उलट अंगाला किंचित कलती केली. मी मोजायचं सामान पिशवीत ठेवून दिलं. एक फेरी मारली, ओढ कमी झाली. आणखी थोडी कलती केली. मग कारागिरांना स्वतःच सुचलं की बाजूचं चाक पुढून बोटभर आत वळवून बघू, कारण ते मागे रेंगाळतं म्हणून डावीकडे खेचतं. सातव्या फेरीला मी हँडल नुसतं बोटांवर धरून साताऱ्याच्या रस्त्याने दोन मैल गेले. परत येऊन उतरले तर कारागीर दोरी गुंडाळत होते. म्हणाले, "चाळीस वर्सं ही दोरी धरली. कुनी कलतं बांध म्हनलं असतं तर मारामारी केली असती." त्यांना वाईट वाटलं होतं, आणि मलाही.

रंगकाम झाल्यावर त्यांनी पुन्हा आईलाच फोन लावायला सांगितला. आमच्याकडे ट्रॉलीच्या मागे काहीतरी लिहिल्याशिवाय ती कारागिराच्या दारातून निघत नाही. त्यांनी विचारलं, "काकी, मागं काय लिवू?"

"काय बी नगं. मला वाचाया येत न्हाई. मागनं येनाऱ्यांनी म्होरं बगून चालावं."

मग आरटीओ. अशी जोड दिलेली गाडी नोंदणीपुस्तकात चढवल्याशिवाय रस्त्यावर आणू नये, आणि नियम मोडून आईला बसवायचं नाही हे मी ठरवलं होतं. तपासणारे साहेब चाळिशीचे. त्यांनी कवळ्या ओढून पाहिल्या, ब्रेक पाहिले, कागद पाहिले, आणि मग इकडेतिकडे बघून म्हणाले, एकदा बसून बघू का? मी फाळका पाडला. आवारात त्यांना दोन चकरा दिल्या. उतरले तेव्हा ते हसत होते आणि कागदांचं पुढचं काम आपोआप सरकलं.

गाडी घेऊन मी गावात शिरले तो दिवस बाजाराचा होता. अर्धं गाव मागे चालत घरापर्यंत आलं. दादा ओट्यावर उभा होता. त्याने गाडीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

"ह्यात आईला घालनार? ट्रॉलीत? दारात चारचाकी हुबी आसताना? लोक मला काय म्हनतील, काय इचार केलास?"

मी उत्तर तयार करून आले होते. रस्ताभर घोकलं होतं. पण आई भिंतीचा आधार घेत उंबऱ्यावर आली होती.

"काय म्हनतील?" तिने विचारलं.

"म्हनतील, पोरानं आईला उघड्यावर बसवलं."

"आन तुज्या गाडीत म्या वकती, तवा काय म्हंत्यात?"

दादा चाकाकडे बघायला लागला.

"तवा म्हंत्यात, पोरगा लय चांगला, आईला गाडीतनं फिरीवतो. आरं, लोकांनी तुला चांगलं म्हनावं म्हनून म्या किती वकायचं? साठ वर्सं उघड्यावर निजली म्या. उघड्यावरच तू झालास. आन आता उघडं वाईट व्हय रं?"

गर्दीत कुणीतरी हसलं. आई त्याच्याकडे वळली आणि त्याच्या आजोबांनी एकदा आमच्या मेंढरांवर कुत्री कशी सोडली होती ते त्याला सांगितलं. तो गेला. वहिनी आतून तीन लिंबं घेऊन आली आणि तिन्ही चाकांखाली एकेक ठेवून नारळ दादाच्या हातात दिला.  दादाने नारळ फोडला. रागाने फोडला, पण फोडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो. आईने हेल्मेट पदरावरून घातलं, "घागर पालथी घातल्यागत वाटतंया" म्हणाली आणि पुढे त्याबद्दल एक शब्द काढला नाही. दहिवडीचा फाटा गेला. मी दर दोन मिनिटांनी डावीकडे बघत होते. वडूज गेलं. मायणीला मी गाडी हळू केली, तर ती ओरडली, "थांबू नगं! त्या दगडावर म्या पुन्यांदा बसनार न्हाई." विट्याच्या पंपावर दोन पोरं फोनवर चित्रण करायला लागली. आईने पदर सारखा केला आणि नजर रोखून सरळ फोनमध्ये बघत राहिली. शेवटी त्यांनीच फोन खाली केला. रस्ताभर ती बोलत होती. या विहिरीवरचं पाणी गोड, या गावात बाजरी बरी देतात, या ओढ्यात तुझा दादा तापाने फणफणला होता. माझ्या आईला इतकं बोलताना मी सात वर्षांत ऐकलं नव्हतं. उलटी झाली नाही. एकदाही नाही.

पलूसच्या पुढे, कृष्णेच्या अलीकडे, पाणंदीतून आत गेलो. तोडलेल्या उसाच्या रानात मेंढरं होती, जाळीचं कुंपण होतं, धूर होता. मावशी एका मेंढीचा खूर हातात धरून बसली होती. वाळून काटकी झालेली. गाडीच्या आवाजाने तिने वर पाहिलं, आईला ओळखलं, आणि तरी खुरातला काटा काढून झाल्यावरच उठली. मी फाळका पाडला. मावशी येऊन त्याच्यावर आईशेजारी बसली. दोघी एकमेकींकडे न बघता मेंढरांकडे बघत बसल्या. बऱ्याच वेळाने मावशी म्हणाली, "आक्का, लय पांढरी झालीस." आई म्हणाली, "तू बी." मग दोघी मोठमोठ्याने रडल्या आणि माझ्या डोळ्यांना धार लागली.

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी मेंढरं चार मैलांवरच्या वावरात हलणार होती. सकाळी तंबू उतरला, घोड्यावर सामान चढलं. मी आईला म्हटलं, "चल, आपणही निघू या घरी."

"मेंढरं हलत्यात न्हवं?" आई म्हणाली. "मग त्यांच्यासंगं पुढच्या वावरापतूर जायाचं. घरला मागनं."

"आई, मेंढरांच्या चालीनं गाडी चालत नसते. क्लच जळेल."

"जळूं दे."

मी गाडी पाणंदीच्या कडेला लावली आणि पहिल्या गिअरमध्ये धरून ठेवली. मेंढरं दोन्ही अंगांनी सरायला लागली. तेवढ्यात मावशी मागून आली. तिच्या दोन्ही बगलांत पहाटे झालेली दोन ओली कोकरं होती. तिने काही विचारलं नाही. ती कोकरं तिने आईच्या मांडीवर टाकली, मग मागे जाऊन कोंबड्यांचा डालगा आणला आणि तिच्या पायांशी कोंबला.

"रिकामी कशाला जातीस?" ती म्हणाली. "धर नीट." आणि पुढे निघून गेली.

सात वर्षांत माझ्या आईला कुणी काम सांगितलं नव्हतं. दादाने नाही, वहिनीने नाही, मीही नाही. उठू नको, पडशील, राहू दे, आम्ही करतो, एवढंच आम्ही तिला सांगत आलो, आणि त्याला माया म्हणत आलो. तीन महिने मी त्या गाडीखाली पडून तिच्यासाठी जागा बनवली, त्या जागेत तिला काय करायचं असेल हे एकदाही मनात आलं नाही. मला लाज वाटली.

आईने एका कोकराचं तोंड पदराने पुसलं, दुसऱ्याची मान आपल्या कोपरावर टेकवली. मग माझ्याकडे बघून खेकसली,

"बगतीस काय? काड गाडी. आन दमानं घे, पोरं हायती."